झिप उघडली की फाइलींच्या नावांतली पोर्तुगीज अक्षरं बिघडतात, मराठी नावंही गेली – मदत हवी

रातांबा
नमस्कार मंडळी.

फोंड्याजवळच्या आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या कागदांची जुळवाजुळव सध्या चालू आहे. पोर्तुगीज अमदानीतले कागद तीन घरांत विखुरलेले आहेत. लिस्बनला असलेल्या धाकट्या काकांनी त्यांच्याकडचे कागद स्कॅन करून झिप पाठवली. त्यांच्या मुलीने तिच्या मॅकवरून आणखी एक झिप पाठवली. साखळीच्या मावसभावाने मोडीतल्या कागदांचे फोटो काढून तिसरी पाठवली. माझ्याकडे विंडोजचा साधा लॅपटॉप आहे, नेहमीचा, इंग्रजीतला.

काकांनी प्रत्येक फाइलीला नीट नाव दिलंय, कागदाच्या पोर्तुगीज प्रकारावरून: देस्क्रिसांव, इन्स्क्रिसांव, सर्तिदांव, पुढे नंबर आणि साल. पण उघडल्यावर 'देस्क्रिसांव'मधला शेपटीवाला सी बरोबर दिसतो आणि त्याच्यापुढच्या, डोक्यावर नागमोडी रेघ असलेल्या ए-च्या जागी ╞ असा चौकटीचा तुकडा येतो. बहिणीच्या झिपमध्ये वेगळंच. साधा सी आहे, साधा ए आहे, पण दोघांच्याही मागे ╠ आणि आणखी काहीतरी. साखळीच्या झिपमध्ये तर नावंच नाहीत, नुसत्या खालच्या रेघा.

फाइली उघडतात, आतला कागद स्वच्छ दिसतो. पण वकिलांकडे दिलेली यादी काकांनी दिलेल्या नावांवर केलेली आहे. आता कुठला देस्क्रिसांव कुठला ते प्रत्येक फाइल उघडून ताडावं लागतंय. फाइली खराब झाल्या आहेत का? आणि नावं परत मिळतील का?

आबोली
मलाही हा त्रास झालाय. म्हापशाच्या एका ओळखीच्या बाईंनी लग्नाचे फोटो पाठवले होते, आडनावांत ती टोपीची अक्षरं होती. मी सरळ एकेक फाइल धरून नाव बदललं. फाइली थोड्या असतील तर तेच बरं.

मांडवीपार
रातांबा, हाताने नाव बदलू नका. निदान अजून नको. आणि मूळ झिपा कुठल्याही कारणाने पुसू नका, ते सगळ्यात महत्त्वाचं.

आधी धीराची गोष्ट: फाइली खराब झालेल्या नाहीत. झिपमध्ये प्रत्येक फाइलीच्या मजकुराची सीआरसी-३२ नावाची पडताळणी बेरीज असते. मजकूर बिघडला असता तर उघडतानाच त्रुटी आली असती. ती बेरीज फक्त मजकुराची असते, नावाची नसते. म्हणून नाव कितीही वाईट दिसलं तरी झिप तक्रार करत नाही.

नाव का बिघडतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण ते कळलं की तुमच्या तिन्ही झिपांचं निदान नुसत्या बिघडलेल्या अक्षरांवरून करता येतं.

झिपच्या आत अक्षरं नसतात, बाइट असतात, म्हणजे ० ते २५५मधले आकडे. १२७पर्यंतच्या आकड्यांचं कुणाशी भांडण नाही. साधी इंग्रजी अक्षरं आणि अंक तिथे बसतात. त्यापुढचे १२८ आकडे कुठल्या अक्षरांना द्यायचे हे ठरवणाऱ्या तक्त्याला कोड पेज म्हणतात. फिल कॅट्झ यांनी झिप १९८९मध्ये आणली तेव्हा आयबीएम पीसीचा मूळ तक्ता, कोड पेज ४३७, हाच गृहीत होता. यूटीएफ-८, म्हणजे यूनिकोड या सगळ्या लिपींच्या एकाच मोठ्या तक्त्यातली अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत, त्यानंतरची, १९९२ची. म्हणजे झिप जन्मली तेव्हा देवनागरी नाव तिच्यात धड लिहायची सोयच नव्हती.

४३७च्या तक्त्यात शेपटीवाला सी आहे, पण नागमोडीचे ए आणि ओ नाहीत. पोर्तुगीजला ते दोन्ही पावलोपावली लागतात. म्हणून पोर्तुगालमधल्या मशीनवर वेगळा तक्ता असतो, ८५०. त्यात शेपटीवाल्या सी-ला ४३७मधलाच आकडा आहे, सोळाच्या हिशेबात (तिथे ९नंतर ए ते एफ हेही अंक) ८७. नागमोडीच्या ए-चा आकडा सी६. आणि आपल्याकडच्या विंडोजमध्ये, जिथे ४३७ चालतो, तिथे सी६ म्हणजे ╞.

म्हणजे तुम्ही पहिल्या झिपबद्दल लिहिलंय, 'सी बरोबर, ए-च्या जागी ╞', ती ८५०ने लिहिलेलं नाव ४३७ने वाचल्याची स्वच्छ खूण आहे. एकही बाइट हरवलेला नाही, फक्त चुकीच्या तक्त्यातून वाचला गेलाय.

आता विचारतो तेवढं सांगा. तुमच्या मशीनवर काळी कमांड विंडो उघडून सीएचसीपी टाइप केलं की एक आकडा येतो, तो कोणता? बहिणीच्या झिपमध्ये मॅकओएसएक्स असं नाव असलेला, पुढे दोन अधोरेखा लागलेला जास्तीचा फोल्डर दिसतो का? आणि साखळीच्या भावाने झिप कशात केली?

खाजन
धाग्यावर लक्ष ठेवून आहे. मांडवीपार यांनी सांगितलं त्यात भर: जुन्या, डॉसच्या काळातल्या झिपा आल्या तर आणखी एक तक्ता भेटतो, ८६०, खास पोर्तुगीजसाठीचा. तिथे नागमोडीचा ए ८४वर आहे आणि नागमोडीचा ओ ९४वर. ४३७मध्ये त्याच जागांवर जर्मन पद्धतीचे दोन टिंबवाले ए आणि ओ बसतात. म्हणून 'सांव'च्या ए-वर दोन टिंबं दिसली की ८६० धरायचं. ही नावं वाचायला जवळजवळ बरोबर वाटतात, म्हणून लोक तशीच सोडून देतात आणि मग शोधताना ती सापडत नाहीत.

रातांबा
मांडवीपार, देव बरें करूं. इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

सीएचसीपीला ४३७ आलं. बहिणीच्या झिपमध्ये तो फोल्डर आहे, त्याच्यात टिंबाने सुरू होणाऱ्या बारक्या फाइली आहेत, त्या उघडत नाहीत. साखळीच्या भावाने जुन्या कॉम्प्युटरवर, कुठल्यातरी फुकट मिळालेल्या झिपच्या प्रोग्राममधून केली म्हणतो. प्रोग्रामचं नाव त्याच्या लक्षात नाही.

एक प्रश्न: ४३७, ८५० हे सगळं जुनं झालं ना? काकांचा कॉम्प्युटर नवीन आहे. मग अजून हे तक्ते कसे?

मांडवीपार
प्रश्न अगदी मर्मावरचा आहे.

२००६मध्ये झिपच्या अधिकृत वर्णनात सुधारणा झाली. प्रत्येक फाइलीच्या नोंदीत काही खुणेचे बिट असतात, त्यांतला ११ क्रमांकाचा बिट लावला तर 'हे नाव यूटीएफ-८मध्ये आहे' असा अर्थ ठरला. हा झेंडा लावलेला असेल तर आजचं कुठलंही धड साधन नाव बरोबर वाचतं, मग ते पोर्तुगीज असो की मराठी. अडचण अशी की झेंडा लावणं ऐच्छिक राहिलं. सेव्हन-झिप या फुकट मिळणाऱ्या झिपच्या प्रोग्रामचंच बघा: नावातली सगळी अक्षरं त्या मशीनच्या तक्त्यात बसत असतील तर ती जुन्याच तक्त्याने लिहिते आणि झेंडा लावत नाही, बसत नसतील तरच यूटीएफ-८कडे जाते. लिस्बनच्या मशीनवर 'देस्क्रिसांव' ८५०मध्ये पूर्ण बसतो. म्हणून काकांचा कॉम्प्युटर कितीही नवा असला तरी नाव जुन्या तक्त्याने लिहिलं गेलं. तेच नाव तुमच्या लॅपटॉपवरून झिप केलं असतं तर नागमोडीचा ए ४३७मध्ये नाही म्हणून आपोआप यूटीएफ-८ आणि झेंडा मिळाला असता. ज्या मशीनला ती अक्षरं परकी, तिथली झिप बरोबर. जिथे ती घरची, तिथली परगावी बिघडणारी.

उपाय सोपा आहे. सेव्हन-झिप बसवा आणि कमांड विंडोतून उघडा:

७झेड एक्स काकांची.झिप -एमसीपी=८५०

(सगळं रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायचं, 'एक्स'मुळे आतली फोल्डररचना तशीच राहते.) एमसीपी म्हणजे 'नावं या तक्त्याने वाच'. आधी 'एक्स'च्या जागी 'एल' टाकून नुसती यादी बघा. यादीत देस्क्रिसांव नीट दिसला की मगच बाहेर काढा, आणि काढताना नवा रिकामा फोल्डर घ्या.

बहिणीची झिप: मॅकच्या स्वतःच्या झिपमध्ये नावं यूटीएफ-८मध्येच असतात, पण झेंडा बहुधा लागलेला नसतो. म्हणून विंडोजचा एक्सप्लोरर ती ४३७ने वाचतो. हीच झिप सेव्हन-झिपमध्ये उघडून बघा. झिप यूनिक्सच्या कुळातल्या मशीनवर (मॅक त्यातलाच) केलेली असेल तर ती नावं यूटीएफ-८ धरून वाचून बघते, त्यामुळे काही न करता नीट दिसायला हवीत. नाही दिसली तर एमसीपीला ६५००१ द्या, विंडोजमध्ये यूटीएफ-८चा क्रमांक तो आहे. मॅकओएसएक्सचा फोल्डर आणि टिंबाच्या बारक्या फाइली ही मॅकची अंतर्गत माहिती, तिच्यात तुमचा कागद नाही.

साखळीच्या झिपबद्दल मला काळजी आहे. ती सेव्हन-झिपमध्ये उघडा, न काढता नुसती यादी बघा, आणि नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आहेत की अल्फा-सारखी ग्रीक अक्षरं, ते सांगा.

खाजन
बहिणीच्या झिपबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नाव नीट दिसायला लागलं तरी तिथे एक छुपी गोष्ट राहते.

रातांबा यांनी लिहिलंय की साधा सी आणि साधा ए शाबूत आहेत आणि मागे ╠ येतं. यूटीएफ-८मधलं सरळ जोडलेलं अक्षर ४३७ने वाचलं असतं तर साधा ए दिसलाच नसता. ├ आणि तिच्यामागे एक तिरप्या रेघेचा यू, असं दोन चिन्हांचं जोडपं आलं असतं. ├ दिसली तर अक्षर एकसंध होतं. मूळ अक्षर राहून मागे ╠ आली तर अक्षर फोडून लिहिलं होतं, आधी साधा ए आणि मग सुटी नागमोडी.

मॅकची जुनी फाइलव्यवस्था, एचएफएस प्लस, नावं अशी फोडूनच साठवायची. आताची एपीएफएस दिलेलं नाव तसंच ठेवते आणि शोधताना दोन्ही रूपं एकच मानते. त्यामुळे मॅकवर माणसाला कधीच कळत नाही. विंडोज आणि लिनक्सला मात्र ही दोन वेगळी नावं आहेत. एकाच फोल्डरात डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन फाइली नांदू शकतात. कीबोर्डवरून टाइप करून शोधलं तर फोडलेलं नाव बऱ्याचदा सापडत नाही, आणि यादी एक्सेलमध्ये ठेवून सूत्राने जुळवायला गेलात तर 'जुळत नाही' असं उत्तर येईल. वकिलांची यादी तशी केली असेल तर हे आत्ताच निस्तरा.

लिनक्सवर मी फाइलींची नावं बदलणारं कॉनव्ह-एमव्ही वापरतो, एनएफसी (फोडलेली अक्षरं एकसंध कर) हा पर्याय देऊन. ते आधी फक्त काय बदलेल ते दाखवतं. 'नोटेस्ट' लिहिल्याशिवाय खरोखर काही बदलत नाही, ही त्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. विंडोजवर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत यूनिकोडडेटा नावाचं मॉड्यूल आहे, त्यातल्या नॉर्मलाइझने तेच होतं.

आणि हे फक्त पोर्तुगीजचं दुखणं नाही. मराठीतला 'दुसऱ्या', 'कोऱ्या', 'शेतकऱ्याचा' यांतला ऱ घ्या. यूनिकोडमध्ये तो स्वतंत्र अक्षर आहे आणि 'र अधिक नुक्ता' असाही लिहिता येतो. मॅकच्या जुन्या फाइलव्यवस्थेतून आला की फुटलेला असतो. त्याशिवाय काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक देऊन तोच आकार काढतात. ते तिसरं रूप, आणि नॉर्मलाइझ केल्याने ते पहिल्या दोहोंत मिसळत नाही. ज्यांच्या संग्रहात 'दुसऱ्या बाजूची हद्द' असली नावं आहेत त्यांनी एकदा शोधून बघावंच.

झुआरी
मी मडगावला वकिली करते, जमिनीच्या आणि वारसाच्या कामांत हे नेहमी येतं. तांत्रिक बाजू वरच्या दोघांनी सांगितलीच आहे. मी कागदाच्या बाजूने बोलते.

रातांबाताई, मूळ झिपा वेगळ्या फोल्डरात, वाचण्यापुरत्या, ठेवून द्या. विंडोजमध्ये सर्टयूटिल नावाची कमांड आहे, तिच्याकडून प्रत्येक झिपचा एसएचए-२५६ (फाइलीच्या मजकुराचा आकड्यांतला ठसा) काढून कागदावर लिहून ठेवा, सोबत कुणाकडून, कधी आली ते. उद्या कुणी विचारलं की ही फाइल लिस्बनहून आलेलीच का, तर उत्तर तयार असेल. नावं दुरुस्त करायची ती नेहमी प्रतीवर.

देस्क्रिसांवचा आणि इन्स्क्रिसांवचा नंबर ही आमच्या कामातली मूळ दोरी असते. देस्क्रिसांव म्हणजे कन्झर्व्हातोरियातली (जमिनीच्या नोंदणी कचेरीतली) मालमत्तेची नोंद, इन्स्क्रिसांव म्हणजे तिच्यावर कुणाचा हक्क लागला ती. दोन्हींची शेवटची अक्षरं एकच, बिघडलीही एकसारखीच, त्यामुळे घाईत एकाच्या जागी दुसरी जोडली जाऊ शकते. २०१२च्या गोवा वारसा कायद्याखाली इन्व्हेंटरी (वारसांत वाटणीची प्रक्रिया) चालली असेल तर मालमत्तेच्या यादीत हे नंबर जसेच्या तसे लागतात. म्हणून फाइलीच्या नावावर विसंबू नका. उघडून आतला नंबर बघा आणि तोच यादीत लिहा.

माझ्या ऑफिसात एकच नियम आहे: फाइलीचं नाव साध्या रोमन अक्षरांत आणि अंकांत. टोपी नाही, शेपटी नाही, देवनागरी नाही. पूर्ण नाव यादीत.

आबोली
झुआरीताईंचं पटलं. एवढा ताप होतो तर नावंच साधी ठेवावीत. मी तरी यापुढे तसंच करणार.

मांडवीपार
झुआरीताई, पुरावा सांभाळण्याबद्दल तुम्ही सांगितलंत ते धाग्यातलं सगळ्यात उपयोगी. सगळ्यांनी करावं. ऑफिसातला नियमही तुमच्या कामाला योग्य, कारण तुमच्या फाइली कुठल्या कुठल्या यंत्रणांतून जातील ते तुमच्या हातात नसतं.

पण आबोली, तो नियम घरच्या संग्रहाला लावू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे एकाच वाड्याचं नाव पोर्तुगीज कागदात एका तऱ्हेने, मोडीत दुसऱ्या तऱ्हेने आणि सर्व्हेच्या कागदात तिसऱ्या तऱ्हेने आलेलं असतं. ज्याने फाइलीला नाव दिलं त्याने कागद वाचून, समजून दिलेलं असतं. रातांबांच्या काकांनी टोपी-शेपटीसकट नाव लिहिलं कारण कागदावर तसं आहे. ते साध्या रोमनमध्ये सपाट केलं की त्यांची मेहनत गेली, आणि पुढच्या पिढीला मूळ काय होतं हे कळायचा एक धागा तुटला. २००६पासून झिपमध्ये कुठल्याही लिपीतलं नाव बरोबर लिहायची सोय आहे. ती वापरायला शिकणं हे नावं गमावण्यापेक्षा फार सोपं आहे.

झुआरी
मान्य. घरच्या संग्रहात पुढे क्रमांक आणि मागे खरं नाव ठेवा, म्हणजे नाव बिघडलं तरी क्रमांक हलत नाही. आणि यादी सीएसव्हीत ठेवणार असाल तर 'यूटीएफ-८ सीएसव्ही' निवडून जतन करा. साध्या सीएसव्हीतून देवनागरी जाते, एक्सेलमध्ये प्रश्नचिन्हं उरतात.

रातांबा
काकांची झिप ८५०ने उघडली आणि सगळी नावं जशीच्या तशी आली! सर्तिदांवसुद्धा. बहिणीची सेव्हन-झिपमध्ये लगेच नीट दिसली. खाजन म्हणाले तसं फुटलेलं अक्षर होतं. यादीतल्या नावाशी जुळत नव्हतं ते कारण आत्ता कळलं. माझ्या भाच्याने पायथनने ती नावं एकसंध करून दिली.

साखळीच्या झिपमध्ये मात्र प्रश्नचिन्हं आहेत. आणि वाईट म्हणजे मी पहिल्यांदा काढल्या तेव्हा 'ही फाइल आधीच आहे, बदलू का' असं विचारत होतं, आणि आता फोल्डरात झिपमधल्यापेक्षा कमी फोटो आहेत.

मांडवीपार
काळजी तिचीच होती. पण फोटो गेलेले नाहीत.

काय झालं ते असं. विंडोजमध्ये देवनागरीसाठी ४३७ किंवा ८५०सारखा तक्ता कधीच नव्हता. ती थेट यूनिकोडमधूनच आली. भावाच्या जुन्या प्रोग्रामला यूनिकोड येत नव्हतं, म्हणून त्याने न कळलेल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहिलं. विंडोजमध्ये फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून काढताना त्याची अधोरेखा झाली. आता 'साखळी' मोजा: स, काना, ख, ळ, वेलांटी, एकूण ५. 'फोंडा': फ, ओकार, अनुस्वार, ड, काना, ५. 'पेडणे': प, मात्रा, ड, ण, मात्रा, पुन्हा ५. तिन्ही गावांची नावं एकच झाली, आणि काढताना एकाने दुसऱ्याला झाकलं.

पण झिपच्या आत एकाच नावाच्या कितीही नोंदी राहू शकतात. मूळ झिप तुमच्याकडे आहे, म्हणजे सगळे फोटो आहेत. पुन्हा काढताना सेव्हन-झिपच्या खिडकीत 'ऑटो रिनेम' निवडा. दुसऱ्या-तिसऱ्याला आपोआप आकडा लागेल आणि सगळे बाहेर येतील.

नावं मात्र त्या झिपमधून परत मिळणार नाहीत. अल्फा-एन अशी अक्षरं असती तर गोष्ट वेगळी होती. देवनागरीचं जवळजवळ प्रत्येक अक्षर यूटीएफ-८मध्ये ई०-ए४ किंवा ई०-ए५ने सुरू होतं, ते ४३७मध्ये अल्फा आणि नागमोडीचा एन असं दिसतं, आणि ४३७च्या वरच्या १२८ जागांवर एकही रिकामी नसल्यामुळे उलटा प्रवास पूर्ण होतो. प्रश्नचिन्ह झालं की तो बाइटच उरत नाही.

भावाकडे मूळ फोटो त्यांच्या नावांसह आहेत का?

खाजन
उलट्या प्रवासाबद्दल एक इशारा, पुढे कुणी हा धागा शोधत आलं तर. नाव ४३७ऐवजी १२५२ने, म्हणजे विंडोजच्या दुसऱ्या पाश्चात्त्य तक्त्याने, वाचलं गेलं असेल तर तितकी खात्री नाही. त्यात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा मोकळ्या आहेत. आपला हलन्त यूटीएफ-८मध्ये ई०-ए५-८डी असा लिहिला जातो. शेवटचा ८डी नेमका मोकळ्या जागेवर पडतो, आणि काही साधनं तो टाकून देतात. मग नाव परत फिरवताना सगळं येतं, जोडाक्षरं तेवढी अडतात. पोर्तुगीजमध्ये हाच फटका आघात असलेल्या मोठ्या ए आणि मोठ्या आय-ला बसतो.

रातांबा
सगळे फोटो निघाले, हायसं वाटलं. भावाच्या कॉम्प्युटरवर मूळ नावं आहेत. पण मी आधीच त्या अधोरेखांच्या फाइली बघून कुठल्या कागदात काय आहे याच्या नोंदी वहीत लिहिल्यात. आता त्याने पुन्हा पाठवल्या तर जुन्या नोंदी कुठल्या फाइलीच्या ते कसं ओळखू? फोटो एकमेकांसारखेच दिसतात, मोडीतली पानं.

मांडवीपार
सीआरसीने. सेव्हन-झिपच्या यादीत सीआरसीचा रकाना दिसतो, नसेल तर शीर्षकपट्टीवर उजवी कळ दाबून घालता येतो. जुन्या झिपमधल्या फाइलीचा सीआरसी आणि आकार नव्यातल्या ज्या फाइलीशी जुळेल ती तीच. नाव काहीही असो.

एकच अट, भावाने फोटो निरोपाच्या ॲपमधून फोटो म्हणून पाठवू नयेत. तिथे ते पुन्हा दाबले जातात, मजकूर बदलतो आणि सीआरसी जुळत नाही. झिप किंवा दस्तऐवज म्हणूनच पाठवायला सांगा.

रातांबा
जुळले! वहीतल्या नोंदी नव्या फाइलींना लावतेय.

शेवटचं विचारते. आता हे सगळं एकत्र करून लिस्बनला, साखळीला आणि वकिलांना पाठवायचंय. कशात बांधू?

मांडवीपार
घरच्यांना सेव्हन-झिपच्या स्वतःच्या प्रकारात, सेव्हन-झेडमध्ये. त्या प्रकारात नावं मुळातच यूनिकोडमध्ये लिहितात, तक्त्याचा प्रश्नच येत नाही, आणि अलीकडच्या विंडोज ११ला ते थेट उघडता येतं. वकिलांना झिपच हवी असेल तर सेव्हन-झिपमध्ये झिप करताना 'पॅरामीटर्स'च्या चौकटीत सीयू=ऑन लिहा. मग साध्या रोमनबाहेरचं अक्षर असलेल्या प्रत्येक नावाला यूटीएफ-८ आणि झेंडा लागतो. काकांनाही हेच सांगा, कारण त्यांच्या मशीनवर हा पर्याय दिला नाही तर पुढची झिपही ८५०नेच लिहिली जाईल.

एक मोह टाळा. विंडोजच्या प्रदेश-सेटिंगमध्ये 'जगभर यूटीएफ-८ वापरा' असा बीटा पर्याय आहे. तो लावला की मॅकच्या झिपा एक्सप्लोररमध्येही नीट दिसू लागतात, पण हिशेबाचे आणि छपाईचे जुने प्रोग्राम बिघडू शकतात. एका झिपसाठी अख्ख्या मशीनचा तक्ता बदलू नये.

खाजन
पाठवण्याआधी नावांची लांबीही बघा. विंडोजमध्ये एका नावात २५५ एकक चालतात (देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक एकक), लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत २५५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-मात्रा धरून. म्हणजे ८५ चिन्हांतच मर्यादा संपते. भावाने 'मोठ्या आजोबांनी कुळागराच्या पश्चिमेकडच्या बांधाबद्दल लिहिलेलं' याहूनही बरीच लांब नावं दिली असतील आणि कुणी लिनक्सवर किंवा घरच्या साठवण-डब्यावर उघडली, तर 'नाव फार लांब' म्हणून ती फाइल निघणारच नाही.

रातांबा
दोन नावं मर्यादेबाहेर होती, भावाला विचारून आखूड केली. सेव्हन-झेड लिस्बनला पोचली. बहिणीने मॅकवर उघडून यादीशी ताडली, सगळी नावं जुळली. वकिलांची झिप सीयू=ऑनने केली आहे, ती उद्या देते.